इंदूरचं जुनं घर पाडावं की रिनोव्हेट करावं? आणि नेटवरची परदेशी डिझाइन्स इथे चालतात का?

तुम्ही विचारलंय की इंदूरमधलं चाळीस वर्षांचं विटांचं घर पाडून नवं बांधू की तेच रिनोव्हेट करू, आणि नेटवर बाहेरच्या देशांतली जी घरं दिसतात, भिंतभर काच, ओपन किचन वगैरे, ती आपल्याकडे चालतील का. मी आर्किटेक्ट नाही. पण लोकमान्य नगरातलं वडिलांचं घर दोन वर्षं अंगावर घेऊन रिनोव्हेट केलंय आणि त्यातली एक चूक अजून दर मे महिन्यात भोगतोय, म्हणून लिहितो.

चूक आधी सांगून टाकतो. हॉलची पश्चिमेची भिंत फोडून आम्ही तिथे खालपासून वरपर्यंत काच लावली. फोटो जर्मनीकडच्या कुठल्या तरी घराचा होता, मी मोबाइलवर मिस्त्रीला दाखवला, तो म्हणाला "हो जाएगा भिया", आणि झालं पण. डिसेंबरात जो येईल तो वा वा करून गेला. मे महिन्यात दुपारी चारनंतर त्या हॉलमध्ये कोणी बसेना, आई म्हणाली बरं झालं, आता पापड वाळवायला गच्चीवर चढायला नको.

मग शोधत बसलो की त्यांच्याकडे चालतं ते आपल्याकडे का नाही, तर कारण इतकं साधं निघालं की स्वतःचाच राग आला. त्यांना ऊन घरात हवं असतं! १९९१ साली जर्मनीत डार्मश्टाटला पहिलं पॅसिव्ह हाउस बांधलं, त्याचा सगळा हिशोबच असा की भिंतींना जाड इन्सुलेशन, तीन पदरी काच आणि मोठ्या खिडक्या दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यात बरीचशी ऊब सूर्यच फुकट देतो. या घरांचा नियम म्हणजे एका चौरस मीटरला वर्षभरात १५ युनिटपेक्षा जास्त ऊब लागता कामा नये. आपल्याला ऊब विकत घ्यायचीच नाहीये, आपल्याला ती बाहेर ठेवायचीय, आणि आपण त्यांचीच खिडकी घेऊन आलो, ती पण एक पदरी काचेची आणि भलत्या दिशेला.

दिशेचं जरा नीट सांगतो कारण हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं, इंदूर त्याच्या थोडंसं खाली, त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ येतच नाही, दोन फुटी छज्जा असला की विषय संपला. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४४ अंशांवर असतो, मग ऊन छज्ज्याखालून आत येतं, जेव्हा हवं असतं तेव्हाच. पश्चिमेला मात्र संध्याकाळी सूर्य खाली उतरून आडवा येतो, त्याला छज्जा काय करणार. म्हणून मोठी खिडकी हवीच असेल तर दक्षिणेला किंवा उत्तरेला करा, पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर असलं काहीतरी ढकला. आणि ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं, आतून पडदा लावून फार फायदा नाही कारण तोवर ते घरात शिरलेलं असतं, पडदा तापतो आणि तीच उष्णता हॉलमध्ये सोडतो. आम्ही शेवटी बाहेरून बांबूची चिक लावली, फोटोतल्यासारखं काही राहिलं नाही पण बसता येतं.

तसं परदेशी डिझाइन इंदूरला नवीन नाही. १९३० च्या सुमारास इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी आपला माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसिउस या जर्मन आर्किटेक्टकडून करून घेतला, तो तेव्हा पंचविशीतला पोरगा होता, आणि आत फर्निचर थेट युरोपातल्या त्या वेळच्या सगळ्यात नव्या डिझाइनर्सचं. आज तिथे सरकारी टॅक्सचं ऑफिस आहे. पण महाराजांनी त्या काळात एअर कंडिशनिंग पण बसवलं होतं, आपल्याला बिल भरायचंय.

आता पाडायचं की नाही. माझं मत: घर हलत नसेल तर पाडू नका. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात १९६० च्या दशकातल्या सरकारी बिल्डिंगा होत्या, ५३० फ्लॅट, लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीने त्या न पाडता बाहेरून प्रत्येक फ्लॅटला काचेची मोठी बंद गॅलरी जोडून दिली आणि काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहिले. पुढे २०२१ मध्ये या जोडीला प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं बक्षीस, मिळालं. काच पुन्हा आलीच, पण बघा, ती हॉलला नाही, मध्ये गॅलरी आहे! आपल्या जुन्या घरांतली पडवी आणि दालान दुसरं काय होतं, आधी ऊन तिथे थांबायचं, मग खोली.

"हलत नसेल तर" हे मात्र गंमत म्हणून लिहिलं नाहीये. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घर तिच्यासोबत हलतं. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्या असतील तर पुट्टी भरून रंग मारू नका, पुढच्या पावसाळ्यात परत दिसतील. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी पट्टी आडवी लावा, तारीख लिहा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी फुटली तर भेग चालू आहे, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, टाइल्स-बिइल्स नंतर. आणि चाळीस वर्षांच्या घरात बहुतेक कॉलम नसतातच, नऊ इंची भिंतीच छत तोलतात, तेव्हा "ही भिंत काढली की हॉल मोठा होईल" असं ठेकेदार म्हणाला तर त्याला विचारा वरचं वजन कशावर टेकवणार.

सगळं एका दमात पण करू नका. तुमच्याच शहरात आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची अरण्य नावाची वसाहत आहे, ८० च्या दशकातली, साडेसहा हजारांच्या आसपास घरांची योजना, बहुतेकांना जोतं आणि पाणी-संडासाची सोय करून दिली आणि बाकीचं घर ज्याने त्याने पैसे येतील तसं बांधलं. चिलीमध्ये इकीके शहरात २००४ साली ९३ कुटुंबांसाठी आरावेना या तिथल्या आर्किटेक्टने असंच केलं, अर्धं घर बांधून दिलं आणि उरलेल्या अर्ध्याची जागा मोकळी सोडली. आपण नेमकं उलटं करतो, आधी फॉल्स सीलिंग मग लीकेज. मी तर केलंच, नवीन टाइल्सवर छन्नी मारून पाइप बदललाय.

म्हणून पहिला पैसा गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझेक (पांढरं ऊन परतवतं, वरचा मजला राहण्यासारखा होतो), वायरिंग, अर्थिंग आणि पाइप यांच्यावर घाला, आणि प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा, नाहीतर आत वायर-पाइप कुठून गेलेत ते ड्रिल मारताना आठवेल.

ओपन किचन? आज जे मॉड्युलर किचन म्हणतात त्याचं मूळ १९२६ चं फ्रँकफर्ट किचन, मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईने केलेलं, आणि ते साडेसहा चौरस मीटरची वेगळी खोली होती, सरकत्या दाराची. तुम्ही पण सरकतं दार ठेवा. हिंगाची फोडणी सोफ्यात मुरली की निघत नाही.

तुमचं घर कुठल्या तोंडाचं आहे आणि भेगा आहेत का ते सांगा, म्हणजे नीट बोलता येईल.