फ्लॅट गहाण ठेवून लेथब्रिजला?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी यंदा बारावी झाली, कॅनडात लेथब्रिज विद्यापीठात व्यसनमुक्ती समुपदेशनाच्या चार वर्षांच्या पदवीला तिला प्रवेश मिळाला. तुमच्या अंदाजाने खर्च ८० लाख. बडोद्यातला वाघोडिया रोडचा फ्लॅट तारण ठेवून ४० लाखांचं कर्ज, यजमानांच्या पीएफमधून २० लाख, एफडी मोडून १२ लाख आणि उरलेले ८ लाख ती तिथे काम करून मिळवणार. यजमानांच्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत. करावं का, असं विचारलंत.

विषयाबद्दल माझ्या मनात शंका नाही. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी, तरी माझे धाकटे काका दारूनेच गेले. कोणाकडे जावं, काय बोलावं, हेच आमच्या घरात कोणाला कळत नव्हतं. त्यामुळे एका अठरा वर्षांच्या मुलीला हे काम करावंसं वाटतं, याचं मला फार कौतुक आहे. पण आत्ता आणि या पैशांनी, नको.

कर्जाचंच बघा. दरवर्षी १० लाख उचलले आणि व्याज साडेदहा टक्के धरलं, तर शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं हप्ता न भरण्याच्या सवलतीचं एक वर्ष मिळून साध्या व्याजानेच १४ लाख ७० हजार चढतात. मग ५४ लाख ७० हजारांवर १५ वर्षांचा हप्ता सुरू होतो, महिना साधारण ६०,५००. तोवर यजमानांची नोकरी एकच वर्ष उरलेली असेल आणि पीएफ अर्धाअधिक रिकामा. पोरीची पहिली नोकरी लांबली तर हप्ता कोण भरणार? समुपदेशकांचे नियमही तिथे प्रांतागणिक वेगळे आहेत.

ते ८ लाख तर हिशेबातून काढूनच टाका. सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं, आणि ही पुढची कमाई स्टडी परमिटच्या, म्हणजे तिथे शिकण्याच्या परवान्याच्या, अर्जात दाखवता येत नाही. पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर आधीच दाखवावे लागतात. डॉलर ६५ रुपये धरला तर हेच जवळजवळ १५ लाख होतात.

मी काय केलं असतं सांगू? बडोद्यातच सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्रात बीए, मग तिथल्याच समाजकार्य विद्याशाखेत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. ही विद्याशाखा १९४९ पासूनची आहे. मधल्या सुट्ट्यांत एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात काम करू दे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, ते तिला एकदा दाखवून आणा. उलटी करणाऱ्या, शिव्या देणाऱ्या, चौथ्यांदा परत आलेल्या माणसासमोर तिला बसवतं का, हे तिचं तिलाच कळेल.

त्यानंतरही कॅनडाच हवं असेल तर दोन वर्षांचं मास्टर्स करावं. पात्र मास्टर्सनंतरही तीन वर्षांपर्यंतचा वर्क परमिट मिळू शकतो, चार वर्षांच्या पदवीइतकाच. फी निम्म्या वर्षांची, कर्ज तिच्या नावावर, तुम्ही सहकर्जदार. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट आठ वर्षं मिळते, मात्र जुन्या करप्रणालीतच. पीएफला हात लावू नका.

विद्यापीठाचं डिपॉझिट अजून भरलं नसेल तर थांबा. भरलं असेल तर परताव्याची अट काय आणि प्रवेश पुढे ढकलता येतो का, हे विद्यापीठाला आजच ईमेल करून विचारा.