गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याआधी

‘किती किलोवॅट घेऊ?’ असे आपण विचारले आहे. मागील १२ महिन्यांची वीजबिले समोर ठेवून १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट उत्पादन धरल्यास त्याचे उत्तर मिळते. नवखे लोक हमखास चुकतात ते सावलीच्या बाबतीत: टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्याच्याशी जोडलेल्या इतर पॅनेलांचेही उत्पादन घटू शकते, म्हणून डिसेंबरातील तिरप्या उन्हात गच्ची पाहूनच दक्षिणाभिमुख जागा निश्चित करावी. आंघोळीच्या पाण्यासाठी मात्र पॅनेलांवर गिझर चालवण्यापेक्षा सौर बंब कमी जागेत भागवतो. पाणी बोअरवेलचे असल्यास बंबात क्षार साचतात (हे विक्रेते सहसा सांगत नाहीत). पॅनेलांवरची धूळ सकाळी लवकर धुवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बॅटरीचा विचार तूर्त नको.