देव सेवेसाठी माझ्यासारख्या साध्या माणसाला का निवडेल?

बायबलमधल्या गिदोनानंही नेमकं हेच विचारलं होतं. इस्राएलाला लुटणाऱ्या मिद्यानी लोकांच्या धास्तीनं तो द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता, आणि देवदूत त्याला चक्क शूर वीर म्हणाला! गिदोन म्हणाला, माझं कूळ सगळ्यात दुबळं, घरात मी सगळ्यात धाकटा. देवानं ते खोडून काढलं नाही; मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच सांगितलं. पुढे मिद्यान्यांशी लढायला जमलेल्या ३२,००० माणसांतली देवानं फक्त ३०० ठेवली, विजय आपल्याच बळावर मिळवला असं इस्राएलानं म्हणू नये म्हणून. इस्राएलाला मिसरच्या गुलामीतून बाहेर काढणाऱ्या मोशेचंही तसंच: देवानं बोलावलं तेव्हा वय ८०, जीभ जड.

मला मात्र गिदोनाची एक गोष्ट फार जवळची वाटते. देवानं सांगितल्यावर बआल या परक्या दैवताची वेदी मोडायला तो घरच्यांच्या आणि गावाच्या भीतीनं रात्रीच्या अंधारात गेला. पण गेला.