रेझिस्टन्स शून्य, मग मोजायचं काय?

प्रश्न: सुपरकंडक्टरचा रेझिस्टन्स शून्य असतो असं आम्ही अकरावी-बारावीला शिकवतो. मग हाय-टेम्परेचर सुपरकंडक्टर ६० टेस्लाच्या मॅग्नेटिक फील्डमध्ये ठेवून त्याचा रेझिस्टन्स मोजतात असं वाचलं, ते कशासाठी? - एक शिक्षिका, सांगली

उत्तर: मॅडम, शंका अगदी रास्त आहे. ते शून्य बाजूला सारायलाच एवढं फील्ड लागतं.

१९८६ मध्ये झुरिकजवळ आयबीएमच्या लॅबमध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना कॉपर ऑक्साइडच्या सिरॅमिकमध्ये ३० केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी सापडली, पुढच्याच वर्षी वायबीसीओ (यट्रियम, बेरियम, कॉपर आणि ऑक्सिजनचं संयुग) आलं, ते तर ९० च्याही वर, म्हणजे लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवलं की झालं. पण खरं कोडं त्या तापमानाच्या वर आहे. योग्य डोपिंग (थोडे वेगळे अणू किंवा जास्तीचा ऑक्सिजन घालून करंट वाहणाऱ्या कणांची संख्या बदलणं) असेल तर रेझिस्टन्स तापमानाबरोबर शेकडो केल्विनपर्यंत सरळ रेषेत वाढतो, तांब्यासारखे साधे मेटल थंडीत असं वागत नाहीत, आणि ती रेषा खाली कुठवर जाते बघायला जावं तर मध्येच सुपरकंडक्टिव्हिटी आडवी येते. भांड्यावर झाकण असावं तसं. फील्ड लावून ते झाकण काढायचं.

फील्ड सुपरकंडक्टरच्या आत शिरतं ते करंटच्या बारीक भोवऱ्यांच्या रूपात. करंट सोडला की भोवरे सरकतात आणि व्होल्टेज दिसायला लागतं, पण तो रेझिस्टन्स भोवऱ्यांचा झाला, खालच्या मेटलचा नाही, म्हणून फील्ड आणखी वाढवत न्यायचं, भोवरे दाटून सुपरकंडक्टिव्हिटीच संपेपर्यंत. दवाखान्यातलं एमआरआय दीड नाहीतर तीन टेस्लाचं असतं, त्यावरून अंदाज येईल.

६० टेस्ला सलग टिकवता येत नाही, म्हणून कपॅसिटर बँक एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामी करतात, सेकंदाच्या काही शतांश भागात खेळ संपतो आणि मग कॉइल गार होईपर्यंत बसून राहायचं. सॅम्पल तांदळाच्या कणीएवढं, त्याला केसासारख्या चार तारा, दोन करंटच्या आणि दोन व्होल्टेजच्या. तारेचं वेटोळं जरा जरी ढिलं राहिलं तर बदलत्या फील्डमुळे त्यातच व्होल्टेज उठतं आणि सिग्नल बुडतो, म्हणून तारांना पीळ घालून चिकटवतात. मी एमएस्सीला वायबीसीओच्या गोळीवर सिल्व्हर पेंटने अशा चार तारा लावल्या होत्या, तेही फील्डशिवाय, तरी एक सुटली की अख्खा दिवस गेलाच, त्यामुळे ही माणसं काय करतात याचं मला फार अप्रूप आहे.

आणि झाकणाखाली काय निघालं? १९९५ मध्ये बेल लॅब्समध्ये अँडो, बोबिंजर वगैरेंनी कमी डोपिंगच्या लँथॅनम-स्ट्रॉन्शियम क्युप्रेटवर (क्युप्रेट म्हणजे हेच कॉपर ऑक्साइडचे पदार्थ) ६० टेस्लाच्या आसपास मोजलं, तर तापमान उतरेल तसा रेझिस्टन्स लॉगरिदमने वाढत गेला, इन्सुलेटरकडे निघाल्यासारखा. १२ वर्षांनी फ्रान्समधल्या तुलूजला प्रूस्त आणि ताइफेर यांच्या गटांनी कमी डोपिंगचंच वायबीसीओ घेतलं, ६२ टेस्लापर्यंत गेले, तर हॉल रेझिस्टन्स (फील्डमुळे करंटच्या आडव्या दिशेला उठणाऱ्या व्होल्टेजवरून मोजलेला) चक्क हेलकावे खाताना दिसला, म्हणजे इलेक्ट्रॉन बंद कक्षांत फिरतायत, अस्सल मेटलसारखे! त्यातही हॉलचं चिन्ह निगेटिव्ह, डोपिंग होलचं, म्हणजे पॉझिटिव्ह चार्जसारख्या वागणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांचं, असूनसुद्धा. मला सगळ्यात भिडतं ते हेच. एका चिन्हावरून कळलं की आत इलेक्ट्रॉनांची रचनाच नव्याने मांडली गेलीय.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस लॅबमध्ये क्युप्रेटला ८० टेस्लापर्यंत नेऊन बघितलं, तर रेझिस्टन्स तापमानासारखाच फील्डबरोबरही सरळ रेषेत वाढतो असं निघालं. ही रेषा का, यावर सगळ्यांना मान्य अशी थिअरी अजून नाही. वर्गात 'शून्य' शिकवताना ठरावीक तापमान, फील्ड आणि करंट यांच्या आतच ते शून्य असतं, एवढं नक्की जोडा.