चांदीची केबल राहू द्या, आधी कार्डाचं स्टेटमेंट काढा

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ५२, खासगी नोकरी, हातात महिना ८५ हजार. शास्त्रीय संगीताचं वेड. गेल्या दिवाळीत त्यांनी क्रेडिट कार्डावर २ लाख ६० हजारांचा अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेतली. आता दुकानदार सांगतोय की अशा स्पीकरना तांब्याची वायर लावणं म्हणजे पैठणीवर स्लिपर घालणं. चांदीची केबल ६८ हजारांना, बारा महिने नो-कॉस्ट ईएमआय; तांब्याची ९ हजारांना. ‘चांदीचे भाव पाहता ही एक प्रकारे गुंतवणूकच ना?’ असं ते विचारतात. मग पत्राच्या तळाशी, ‘बाकी सर्व क्षेम’ लिहावं तशा सुरात: ‘कार्डावर अजून २ लाख ४० हजार आहेत, पण मिनिमम ड्यू एकदाही चुकवलेला नाही. मुलीच्या लग्नासाठी ४ लाखांची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही. मनी-बॅक पॉलिसीला वर्षाला ४८ हजार जातात.’

केबलचं उत्तर झटपट देतो, कारण मला त्या तळाच्या ओळींवर बोलायचंय.

चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहून नेते, हे खरंच आहे. पण किती चांगली? पाच-सहा टक्के. तांब्याची तार तेवढ्याच टक्क्यांनी जास्त जाड घेतली की फरक मिटला. तुमचे स्पीकर अॅम्प्लिफायरपासून पाच मीटरवर आहेत. अडीच स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन दहा मीटरचा रोध होतो साधारण ०.०७ ओहम. शुद्ध चांदी घेतली तर त्यातले ०.००४ कमी होतील. समोर स्पीकर आहे ८ ओहमचा. हा फरक कानाला कळायचा नाही. दुकानात तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार, ‘जास्त उघडी’ ऐकू आली, असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळी व्हॉल्यूमच्या बटणावर हात कोणाचा होता? आवाज किंचित वाढवला तरी कानाला तो सरस वाटतो, हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. घरी मुलीला तुमच्या पाठीमागे दहा वेळा तारा बदलायला सांगा, आवाज तोच ठेवून, आणि ओळखून दाखवा.

आता गुंतवणूक. तुम्ही जोडलेलं कोटेशन मी नीट वाचलं. त्यावर ‘एसपीओएफसी’ लिहिलंय. म्हणजे चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार. मुलामा दोन मायक्रॉनचा धरला, तर तुमच्या दोन्ही केबल मिळून सुमारे अर्धा किलो तांबं आणि दीड तोळ्याच्या आसपास चांदी निघते. मुलीच्या पायातल्या पैंजणांत याहून जास्त असेल, आणि ते सराफ निदान वजन करून परत तरी घेतो. ही तार घेऊन सराफाकडे गेलात तर तो तुम्हाला भंगारवाल्याचा पत्ता देईल. चांदीच घ्यायची हौस असेल तर २०२२पासून तिचे ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारे फंड, मिळतात. पण २०११च्या एप्रिलमध्ये औंसाला ४९ डॉलरच्या घरात गेलेल्या चांदीला तो भाव पुन्हा गाठायला १४ वर्षं लागली, हेही लक्षात असू द्या.

केबल संपली. आता ते ‘एकदाही चुकवलेला नाही’.

कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के. २ लाख ४० हजारांवर ८,४००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी दीड हजार. झाले ९,९००. मिनिमम ड्यू, म्हणजे दरमहा भरावीच लागणारी किमान रक्कम, बाकीच्या पाच टक्के: १२ हजार. तुम्ही महिन्याला १२ हजार भरता आणि त्यातले फक्त दोन हजार मुद्दलात जातात. तुमच्याच आकड्यांवरून पाहा: नऊ महिन्यांत भरले साधारण १ लाख १५ हजार, बाकी उतरली २० हजारांनी. उरलेले ९५ हजार कुठे गेले? त्यात ही केबल आली असती, वर अंथरायला एक चांगला गालिचाही आला असता.

हे असंच चालू ठेवलं, कार्डावर नवीन काहीही घेतलं नाही, तरी बाकी निम्मी व्हायला साडेसहा वर्षं लागतील. तोवर तुम्ही भरलेले असतील जवळजवळ सात लाख. उतरलेले असतील १ लाख २० हजार. नुसतं मिनिमम भरलं तर फेड वर्षानुवर्षं लांबते, हा इशारा स्टेटमेंटवर छापायला रिझर्व्ह बँकेने कंपन्यांना सांगितलेलंच आहे. तुमच्याही कागदावर असणार. आपण वाचतो ती ‘मिनिमम’च्या पुढची रक्कम आणि तारीख.

मिनिमम ड्यू वेळेवर भरल्याने लेट फी टळते. कर्ज फिटत नाही. शिस्तीच्या माणसाला ही सवय सर्वांत महाग पडते, कारण बेशिस्त माणसाला निदान वसुलीवाल्याचा फोन येतो आणि तो जागा होतो. तुम्हाला फोन येत नाही, तुम्हाला लिमिट वाढवल्याचा मेसेज येतो.

आणि या कार्डावर ईएमआय? रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये लपवलेलं असतं. ६८ हजारांचा हप्ता येईल ५,७००च्या आसपास, आणि तो अख्खा मिनिमम ड्यूमध्ये मिळवला जाईल. १२ हजारांचे पावणेअठरा. आधीची बाकी थकलेली असताना त्या कार्डावरच्या साध्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. तेव्हा पेट्रोलसुद्धा त्यावर भरू नका.

एफडी मोडा. वाचून कसंसं झालं असेल, मला कल्पना आहे. आपल्याकडे एफडी मोडणं म्हणजे घरातलं भांडं मोडीत काढल्यासारखं वाटतं, त्यात ती लेकीच्या लग्नाची. पण ४ लाखांवर तुम्हाला वर्षाला मिळतात सुमारे २७ हजार, त्यावरही कर. कार्ड वर्षाला खातंय सव्वा लाखाच्या जरा खाली. लग्नाचे पैसे तुम्ही राखलेले नाहीत, दुसऱ्या दाराने बाहेर चाललेत. मुदतीआधी मोडल्याचा दंड एक टक्का धरला तर ४ लाखांवर ४ हजार, म्हणजे कार्डाचं बारा दिवसांचं व्याज. तुमची बँक एफडीचा काही भागच मोडू देत असेल तर आणखी बरं.

२ लाख ४० हजार एकरकमी भरा. भरण्याआधी कस्टमर केअरला फोन करून त्या दिवसाची नेमकी बाकी विचारा, कारण शेवटच्या स्टेटमेंटनंतरचं व्याज पुढच्या महिन्यात शेपटासारखं येतं. तेही पूर्ण भरा. उरलेले १ लाख ६० हजार पुन्हा एफडीत. आणि दरमहा सुटलेले १२ हजार लेकीच्या नावाने आरडीत टाकलेत तर काढलेली रक्कम वीस महिन्यांत परत जागेवर येईल.

स्पीकरला तूर्त इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच स्क्वेअर एमएमची दोन पदरी तांब्याची वायर घ्या, दहा मीटर. दीड-दोन हजारांत भागेल, ९ हजारांचीही गरज नाही. लालचं टोक दोन्हीकडे लालवरच जाऊ द्या; एका स्पीकरचं उलटं लागलं तर मात्र आवाज खरोखर बिघडतो. खिडक्यांना जाड पडदे लावा, त्याने पडेल तेवढा फरक कुठल्याही तारेने पडायचा नाही.

आणि त्या मनी-बॅक पॉलिसीचं पहिलं पान स्कॅन करून पाठवा. हप्ता ४८ हजार लिहिलात, विम्याची रक्कम लिहिली नाहीत. मला तो आकडा बघायचाय.