आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला येताहेत, इमिग्रेशनला अडवतील का?

बी१/बी२ (तात्पुरत्या भेटीचा) व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही हे काउंटरवरचा अधिकारी ठरवतो, त्यामुळे धास्ती साहजिक आहे. प्रश्न मात्र ठरलेलेच: कशाला आलात, कुठे राहणार, परत कधी? उत्तर खरं आणि एका वाक्यात द्यावं. तुमचा पत्ता, फोन आणि परतीचं तिकीट कागदावर छापून हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इन बॅगेत गेलं तर उपयोग शून्य. प्रश्न कळला नाही तर दुभाषा मागावा. घोटाळा बहुधा अंदाजाने 'येस' म्हटल्यामुळेच होतो! बाजूच्या खोलीत नेलं म्हणजे परत पाठवलं असं नव्हे. लोणचं-मसाले विचारल्यावर सांगून टाका, लपवलं तर दंड. नंतर ऑनलाइन आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) उघडून पाहा: मुक्कामाची मुदत त्यावरची, व्हिसावरची नाही.