लेकीचा शनिवार तिला परत द्या

(एडिंबरोहून एका वडिलांनी पाठवलेल्या पत्राचा सारांश: आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. आयटीच्या नोकरीमुळे चौदा वर्षं स्कॉटलंडमध्ये आहोत. मुलगी सतरा वर्षांची. हायर परीक्षेत (तिथली शाळेच्या शेवटची, विद्यापीठ प्रवेशासाठीची परीक्षा) इंग्रजी, इतिहास आणि मॉडर्न स्टडीजमध्ये (राजकारण आणि समाज यांचा शालेय विषय) ए, गणितात बी, रसायनशास्त्रात सी. तिला पुढे स्कॉटिश नॅशनल पार्टीकडून स्कॉटलंडच्या संसदेची निवडणूक लढवायची आहे. आमची इच्छा तिनं रसायनशास्त्र पुन्हा देऊन मेडिसिनला जावं अशी. राजकारण वकिलांचं आणि घराण्यांचं, त्यात आमचा पासपोर्ट भारतीय. ग्लासगोमधून आमदार झालेले डॉ. संदेश गुल्हाने हेसुद्धा आधी डॉक्टरच झाले ना? तिच्या डोक्यातलं हे खूळ काढायला मदत करा.)

नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रात गुणांविषयी एक परिच्छेद आहे, तुमच्या कष्टांविषयी दोन पानं आहेत, आणि मध्येच एका ओळीत तुम्ही लिहून गेलात की शनिवारी पक्षाची पत्रकं वाटायला तिचं जाणं तुम्ही बंद केलंत आणि तेव्हापासून ती जेवताना बोलत नाही. गुणांचं नंतर बघू. मला आधी त्या ओळीविषयी बोलायचंय.

सतरा वर्षांची मुलगी शनिवारी सकाळी, तिथल्या थंडीपावसात, अनोळखी घरांची दारं ठोठावते. दार उघडणाऱ्याशी नीट बोलते, कुणी तोंडावर दार लावलं तर पुढच्या दाराकडे जाते. माझ्याकडे येणारे कितीतरी पालक ‘आमचं मूल चारचौघांत तोंड उघडत नाही’ म्हणून रडकुंडीला आलेले असतात. तुमच्या मुलीला हे कुणी न शिकवता जमतंय, आणि तुम्ही तेच बंद केलंत. अभ्यासासाठी केलंत असंही नाही, कारण त्याच पत्रात तुम्ही म्हणता की तिचा अभ्यास व्यवस्थित चालू होता. तिला धडा मिळावा म्हणून केलंत. मला हे पटलेलं नाही.

‘आम्ही तिच्यासाठी देश सोडला’ हे वाक्य पत्रात तीनदा आलंय. देश सोडला तेव्हा ती तीन वर्षांची होती. तुम्ही नोकरीसाठी गेलात, बऱ्या आयुष्यासाठी गेलात, त्यात कमीपणा काहीच नाही. पण ते कर्ज तिच्या नावावर लिहून त्याचा हप्ता मेडिसिनच्या रूपात वसूल करणं हा अन्याय आहे. शिवाय ज्या देशात तुम्ही तिला वाढवलंत तो तिला आपला वाटतोय, त्याच्या कारभारात तिला हात घालावासा वाटतोय. तुमचं तिथे जाणं याहून जास्त सार्थकी कसं लागायचं?

मेडिसिनबद्दल थोडक्यात. तिथे मेडिसिनच्या प्रवेशासाठीची यूकॅट परीक्षा उन्हाळ्यात, अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि रसायनशास्त्रात सी असताना दार जवळजवळ बंद. विषय पुन्हा देता येतो, पण पुन्हा दिलेल्या गुणांकडे सगळी विद्यापीठं सारख्या नजरेनं पाहत नाहीत. हे सगळं जमलं तरी, ज्या मुलीला डॉक्टर व्हायचंच नाही तिला पाच वर्षं त्या जागेवर बसवणं मला योग्य वाटत नाही. ‘आधी डॉक्टर हो, मग काय हवं ते कर’ हा सौदा मी फार घरांतून पाहिला आहे. त्यातला ‘मग’ सहसा उजाडत नाही.

डॉ. गुल्हाने यांचं उदाहरण तुम्ही दिलंत. आडनाव आपल्या कानांना ओळखीचं, म्हणून जवळचं वाटणं साहजिक आहे. ते जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहेत, २०२१ साली ग्लासगोच्या प्रादेशिक यादीतून (पक्षाला पडलेल्या मतांवर जागा देणारी यादी) निवडून आले हेही खरं. पण ते काँझर्वेटिव्ह पक्षाचे, तुमची लेक बोलते तो पक्ष वेगळा. आणि एक डॉक्टर आमदार झाला म्हणजे मेडिसिन हा आमदारकीचा जिना ठरत नाही. मग त्याच न्यायानं बसची कंडक्टरकीही जिना ठरेल.

कंडक्टरकी हे मी उगाच म्हणत नाही. तुमचा जो मोठा गैरसमज आहे, की राजकारणाला वकिलीची पदवी नाहीतर घराण्याचं नाव लागतं, तो बशीर अहमद यांच्याकडे पाहिलं की टिकत नाही. जन्म १९४० चा, अमृतसरचा. फाळणीनंतर कुटुंब पाकिस्तानात गेलं. १९६१ साली ते ग्लासगोला आले, बसवर कंडक्टर झाले, मग ड्रायव्हर, मग दुकान चालवलं. पंचावन्नाव्या वर्षी एसएनपीत, म्हणजे तुमच्या लेकीच्या स्कॉटिश नॅशनल पार्टीत आले, २००३ मध्ये ग्लासगोचे नगरसेवक झाले आणि २००७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेतले पहिले आशियाई सदस्य. तिथली शपथ त्यांनी इंग्रजीबरोबर उर्दूतही घेतली. आपण कुठून आलो यापेक्षा सगळे मिळून कुठे चाललोय हे महत्त्वाचं, असं ते सांगत. त्यांच्या कार्यालयात विशीतला एक मुलगा मदतनीस म्हणून काम करायचा, ज्यानं त्याआधी कॉल सेंटरमध्येही नोकरी केली होती. तो हमझा युसुफ. २००९ मध्ये अहमद वारले, २०११ मध्ये युसुफ स्वतः निवडून आले आणि २०२३ मध्ये स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री झाले. यात घराणं कुठे आहे? त्यांच्या आधीच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन वकील होत्या, हे तुम्ही म्हणाल. होत्याच. पण वडील इलेक्ट्रिशियन, आई दंतवैद्याकडे नर्स, आणि वकिली केली ती ग्लासगोच्या ड्रमचॅपल या गरीब वस्तीतल्या कायदा सल्ला केंद्रात. पक्षात त्या सोळाव्या वर्षी आल्या होत्या, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षाही लहान असताना. पक्षातली बाकी मंडळी पाहा: जेनी गिलरुथ शाळेत मॉडर्न स्टडीज शिकवायच्या आणि पुढे शिक्षणमंत्री झाल्या, क्लेअर हॉही मानसिक आरोग्य विभागातल्या नर्स, अँजेला कॉन्स्टन्स सोशल वर्कर, मायकेल मॅथेसन ऑक्युपेशनल थेरपिस्ट, जिम फेअरली मेंढ्या पाळणारे शेतकरी, पर्थ शहरात शेतकरी बाजार सुरू करणारे. वकीलही आहेत, पण ते या गर्दीतले काही जण आहेत.

पासपोर्टची शंका तर एका ओळीची आहे. राष्ट्रकुल देशांचे नागरिक, म्हणजे भारतीयही, तिथे कायदेशीर राहत असतील तर स्कॉटलंडच्या संसदेसाठी मतदान करू शकतात, आणि कायमचा राहण्याचा परवाना असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर उभेही राहू शकतात. तिथे मतदानाचं वय सोळा आहे, तेव्हा तुमच्या मुलीला आत्ताच मत आहे. चौदा वर्षांत तुम्ही स्वतः नाव नोंदवलंय का, हे पत्रात कुठे दिसलं नाही.

तुमची भीती कुठून येते हे मला कळतं. तुम्ही लहानपणी गावात पाहिलेली निवडणूक म्हणजे जीपगाड्या, जेवणावळी, साखर कारखान्याचं राजकारण, आणि आयुष्यभर सतरंज्या उचलूनही तिकीट न मिळालेला एखादा काका. मीही तेच पाहत मोठी झाले. पण तिथल्या मतदारसंघातून उभं राहायला अनामत रक्कम पाचशे पौंड आहे, खर्चाला कायद्यानं मर्यादा आहे. एसएनपीत इच्छुकाला आधी पक्षाच्या चाचणीतून जावं लागतं आणि मग त्या भागातले सदस्य मत देऊन उमेदवार ठरवतात. त्या सदस्यांना तोंडओळखीची कोण असते? शनिवारी पत्रकं वाटणारी. तिथेही सतरंज्या उचलाव्या लागतातच, फक्त उचलणाऱ्याला मत मागायचा हक्क मिळतो.

स्वतंत्र स्कॉटलंड मागणारा पक्ष तुम्हाला पटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तो वाद रास्त आहे आणि तो तिच्याशी घाला. भरपूर घाला. आकडे काढून, वर्तमानपत्रं समोर ठेवून. तिला पुढे तेच करायचंय, सराव घरात होऊ दे. पण मत पटत नाही म्हणून घराबाहेर पडणं बंद करायचं, हे तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं करू नये.

आता लेकीसाठी. हा भाग तिला वाचायला द्या, मराठी वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

बाळ, बाबांच्या पत्राबरोबर तुझी चार ओळींची चिठ्ठी होती. तुला पॉलिटिक्सची पदवी घ्यायची आहे आणि लगेच एखाद्या आमदाराच्या कार्यालयात नोकरी धरायची आहे. हा रस्ता आहे, युसुफ त्याच रस्त्यानं गेले. तरी तू तो एकमेव धरू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. २०२४ च्या निवडणुकीत लंडनच्या संसदेतल्या तुझ्या पक्षाच्या जागा ४८ वरून ९ वर आल्या. एका रात्रीत इतके खासदार बेरोजगार, आणि त्यांच्या कार्यालयांतली मुलंही त्यांच्याबरोबर. ज्यांच्या हातात दुसरं काम होतं ते त्याकडे वळू शकतात. ज्यांना राजकारणापलीकडे काही येतच नव्हतं त्यांनी काय करायचं? बाबांची काळजी या एका बाबतीत खरी आहे. ती त्यांनी मेडिसिनमध्ये गुंडाळली म्हणून तू ती फेकून देऊ नकोस.

दुसरं असं की, स्कॉटलंडच्या संसदेच्या हातात आरोग्य, शिक्षण, घरं, न्यायव्यवस्था हे विषय आहेत. संरक्षण आणि परराष्ट्र धोरण लंडनकडे. म्हणजे तुला ज्या सभागृहात बसायचंय तिथे रोज शाळा, दवाखाने आणि घरभाडी यांचीच चर्चा. वर्गात शिकवलेली, वॉर्डात रात्रपाळी केलेली किंवा घरासाठी वणवण करणाऱ्यांचे अर्ज हाताळलेली बाई तिथे उभी राहिली की तिच्या बोलण्याला वेगळं वजन येतं. केट फोर्ब्स यांचं उदाहरण घे. त्यांच्या बालपणाचा काही काळ भारतात गेला होता. इतिहास शिकल्या, मग हिशेबाचं काम शिकून चार्टर्ड अकाउंटंट झाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी ऐन अर्थसंकल्पाच्या दिवशी राजीनामा दिला आणि काही तासांच्या सूचनेवर एकोणतीस वर्षांच्या केट यांनी तो संसदेत मांडला. आधी हिशेबात बुडालेलं असल्याचा त्यांना त्या दुपारी उपयोग झालाच असणार, असं मी समजते.

तेव्हा पदवी अशी निवड की जिच्या जोरावर तुला उद्या पगाराचं, लोकांमध्ये राहून करायचं काम मिळेल. स्कॉटलंडमध्ये पदवी चार वर्षांची असते आणि बहुतेक विद्यापीठांत सुरुवातीला दोन-तीन विषय एकत्र घेता येतात, ही तुमच्याकडची फार मोठी सोय आहे. इतिहास आणि अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजधोरण, कायदा, शिक्षकी, सोशल वर्क यांतलं काहीही तुझ्या गुणांवर शक्य आहे. मला विचारशील तर मॉडर्न स्टडीज शिकवणारी शिक्षिका तुझ्यात मला आत्ताच दिसतेय, पण निवड तुझी. स्कॉटिश युथ पार्लमेंट १४ ते २५ वयाच्या मुलांसाठी आहे, तेही बघून ठेव.

आणि हरायची तयारी ठेव. स्टर्जन १९९२ मध्ये एकवीस-बावीस वर्षांच्या असताना पहिल्यांदा उभ्या राहिल्या आणि हरल्या. १९९७ मध्ये हरल्या. १९९९ मध्ये आणि २००३ मध्ये मतदारसंघात हरल्या, पण स्कॉटलंडच्या संसदेतल्या १२९ जागांपैकी ५६ प्रादेशिक यादीतून भरतात, त्या यादीनं त्यांना आत नेलं. स्वतःचा मतदारसंघ जिंकायला २००७ उजाडलं. कौकब स्टुअर्ट १९९९ च्या पहिल्याच निवडणुकीत एसएनपीच्या उमेदवार होत्या आणि निवडून आल्या २०२१ मध्ये. बावीस वर्षं! त्या वर्षी त्या सभागृहात पहिल्यांदा गौरेतर स्त्रिया पोहोचल्या, त्या दोघींतल्या त्या एक. मधल्या काळात त्या शाळेत शिकवत होत्या. हातात काम होतं म्हणून त्या इतकं थांबू शकल्या, असं मला वाटतं.

पुन्हा तुमच्याकडे येते. रसायनशास्त्राच्या फेरपरीक्षेसाठी तुम्ही शाळेशी परस्पर बोलून ठेवलंय, असं पत्राच्या शेवटी लिहिलंत. ते तिला माहीत नाही, तिच्या आईलाही माहीत नाही. आज रात्री दोघींना सांगा. मग तिला विचारा की ती परीक्षा तिला द्यायची आहे का, आणि ‘नाही’ म्हणाली तर शाळेला तसं कळवा.

येत्या शनिवारी ती निघेल तेव्हा एक दिवस तुम्हीही बरोबर जा. पक्षाचं पत्रक हातात घेऊ नका, पटत नसेल तर घेऊच नये. फुटपाथवर उभे राहा आणि चार दारांवर ती काय बोलते ते ऐका. मग मला पुन्हा पत्र लिहा.